घरचा कमावता गेला तर किती लागतील? विम्याच्या रकमेचा हिशोब असा मांडा

जनाज्याची नमाज सुरू होण्यापूर्वी घरातला कुणीतरी पुढे येतो आणि सफांसमोर उभा राहून सांगतो की, मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर आमच्याशी बोला, आम्ही ते फेडू. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. कधी मुलगा बोलतो, कधी भाऊ. त्या क्षणी तो मनापासूनच बोलतो. पण पुढच्या आठवड्यात देणेकऱ्यांची यादी समोर येते, शाळेची फी येते, महिना संपतो, आणि घरातल्यांच्या लक्षात येतं की फेडायचं कशातून हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

विम्याबद्दल आपल्याकडे बोलणं होतं तेव्हा ते बहुतेक दोनच प्रश्नांभोवती फिरतं. जायज आहे का, आणि हप्ता किती बसेल. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: आपल्या घराला नेमके किती पैसे लागतील? एजंट पाच लाख म्हणतो, आपण पाच लाखांवर सही करतो. शेजाऱ्याने दहा लाखांची पॉलिसी काढली म्हणून आपणही दहाची काढतो. ही रक्कम कुठून आली, ती किती महिने पुरेल, हे कागदावर मांडून पाहिलेलं नसतं. या लेखात आम्ही तेच मांडून दाखवणार आहोत. त्यात आपल्या घरांसाठी अशा तीन-चार बाबी आहेत, ज्या विमा कंपन्यांच्या तयार गणितात सापडत नाहीत.

आधी जायज-नाजायजचं

हा विषय टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1985 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की, ठरलेला हप्ता घेऊन चालणारा व्यापारी विमा शरीयतला धरून नाही, आणि परस्पर सहकार्याच्या पायावर उभा असलेला विमा चालू शकतो. त्याच पायावर पुढे अनेक देशांत तकाफुल कंपन्या वाढल्या. भारतात तकाफुल चालवणारी आयुर्विमा कंपनी नाही. त्यामुळे इथल्या उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. काही जण व्यापारी विम्याला साफ मनाई करतात, काही जण गरज आणि परिस्थिती पाहून सवलत देतात.

आम्ही फतवा देणार नाही, ते आमचं काम नाही. ज्या आलिमवर तुमचा विश्वास आहे त्यांना विचारा, आणि विचारताना आपली परिस्थिती पूर्ण सांगा. पण हिशोब मात्र दोन्ही प्रकारच्या घरांनी करायला हवा. विमा घेणाऱ्याला त्यातून विम्याची रक्कम कळेल. न घेणाऱ्याला कळेल की तेवढी तरतूद बचतीतून, दुकानाच्या गाळ्यातून, जमिनीतून किंवा पत्नीच्या कमाईतून उभी करायची आहे. खड्डा दोघांसमोर सारखाच असतो, भरायचा मार्ग वेगळा.

दहापटीचा नियम कुठे अडतो

बाजारात एक सोपा नियम चालतो: वर्षाच्या कमाईच्या दहापट विमा घ्या. काहीच न करण्यापेक्षा हे बरं. पण दोन माणसं महिन्याला सारखेच 38 हजार कमावत असतील, एकाला दोन लहान मुलं आणि वयस्कर आई-वडील असतील, दुसऱ्याची मुलं नोकरीला लागली असतील, तर दोघांची गरज सारखी कशी असेल? दहापटीचा नियम कमाई पाहतो, घर पाहत नाही.

म्हणून आम्ही दुसरी पद्धत सुचवतो. चार प्रश्न विचारा.

1. कमावता नसताना घर चालवायला दरमहा किती कमी पडतील, आणि किती वर्षं?
2. एकदाच लागणाऱ्या मोठ्या रकमा कोणत्या? कर्ज, शिक्षण, लग्न.
3. आज हाताशी खरोखर काय आहे?
4. पहिल्या दोन प्रश्नांच्या बेरजेतून तिसरं वजा केलं तर काय उरतं?

जे उरतं, तेवढ्या रकमेची सोय व्हायला हवी.

एक घर समोर ठेवून

समजा, मिरजेत एकाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय 36. पत्नी 32 वर्षांची, घरी शिवणकाम करते आणि महिन्याला चारेक हजार मिळवते. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. अब्बा-अम्मी सोबतच राहतात. घर अब्बांच्या नावावर आहे. दुकानातून महिन्याला सरासरी 38 हजार सुटतात. हे घर कल्पनेतलं असलं, तरी अशी घरं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

घरखर्च 30 हजार. त्यात त्याचा स्वतःचा खर्च म्हणजे पेट्रोल, मोबाइल, बाहेरचा चहा-नाश्ता, कपडे, असा 6 हजारांचा. तो गेल्यावर हा खर्च थांबेल. उरले 24 हजार. त्यातून पत्नीचे 4 हजार वजा केले की दरमहा 20 हजार कमी पडतात. अब्बा-अम्मीचं औषधपाणी यातच धरलं आहे.

किती वर्षं? धाकटा मुलगा 23 वर्षांचा होऊन कमवायला लागेपर्यंत, म्हणजे 18 वर्षं. दरमहा 20 हजार म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार. 18 वर्षांचे झाले 43 लाख 20 हजार.

तेव्हा पत्नी 50 वर्षांची असेल. पुढे तिचं कसं? इथे बहुतेक घरांत उत्तर मिळतं, मुलगा बघेल. बघेलही, इन्शाअल्लाह. पण मुलाच्या भरवशावर आईचा हिशोब शून्य धरायचा नसतो. तिच्या एकटीसाठी आजच्या भावाने दरमहा 8 हजार धरले, आणि 80 व्या वर्षापर्यंत धरले, तर 30 वर्षांचे 28 लाख 80 हजार होतात.

दोन्ही मिळून 72 लाख. आकडा पाहून दचकू नका, पुढे चला.

एकदाच लागणाऱ्या रकमा

दुकानासाठी काढलेल्या कर्जाचे 3 लाख बाकी आहेत. मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले दीड लाख आहेत. ही रक्कम कुठे लिहिलेली नसते आणि हिशोबातून नेमकी हीच सुटते. तिसरं देणं आहे मेहर. निकाहनाम्यात 51 हजार लिहिले गेले, उधार ठेवले गेले, आणि दहा-अकरा वर्षं त्यावर कुणी बोललं नाही. न दिलेला मेहर हे पतीवरचं कर्ज आहे. तरका वाटण्यापूर्वी तो फेडावा लागतो, आणि तो मागण्याचा हक्क पत्नीला शरीयतनेही दिला आहे आणि कायद्यानेही. पण मय्यत घरात असताना कोणती बाई मेहर मागेल? म्हणून तो आपणच यादीत लिहायचा. खरं तर हयातीतच देऊन टाकायचा, म्हणजे यादीतून कमी होईल.

तीन देणी मिळून 5 लाख 1 हजार.

दोन्ही मुलांच्या पदवी किंवा डिप्लोमासाठी प्रत्येकी 6 लाख धरले, म्हणजे 12 लाख. दोन्ही लग्नांसाठी मिळून 3 लाख. हा आकडा आम्ही मुद्दाम कमी ठेवला आहे. निकाह साधा करता येतो, शिक्षण अर्ध्यावर सोडता येत नाही.

शेवटची रक्कम पहिल्या सहा महिन्यांची. दफनविधी, कागदपत्रांची धावपळ, बंद पडलेलं दुकान, आणि पत्नीची 4 महिने 10 दिवसांची इद्दत. या काळात तिला कचेऱ्यांच्या फेऱ्या मारायला लावणं कुणालाच आवडत नाही, आणि विम्याचे पैसे यायलाही वेळ लागतो. दीड लाख धरू.

एकूण 21 लाख 51 हजार. आधीचे 72 लाख मिळवले की गरज झाली 93 लाख 51 हजार.

हाताशी काय आहे

इथे स्वतःला फसवायचा मोह होतो, म्हणून कडक राहा.

जुनी पारंपरिक पॉलिसी आहे, विमा 3 लाखांचा. बँक खात्यातून कापली जाणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आहे, तिचे 2 लाख. बँकेत आणि भिशीत मिळून अडीच लाख. दुकानातली यंत्रं, तांब्याची तार आणि इतर माल विकला तर 2 लाख येतील. एकूण साडेनऊ लाख.

यात काही गोष्टी आम्ही धरलेल्या नाहीत. गिऱ्हाइकांकडची उधारी धरली नाही, कारण मालक गेल्यावर ती वसूल होणं कठीण. पत्नीचं सोनं धरलं नाही, कारण माहेरून आलेलं किंवा तिला दिलेलं सोनं तिच्या मालकीचं आहे, पतीच्या हिशोबात ते येत नाही. अडचणीत ती स्वतःहून मोडेल, तो तिचा निर्णय. आपण आधीच ते मोडून टाकलं असं धरून चालायचं नाही.

93 लाख 51 हजार वजा साडेनऊ लाख. उरले 84 लाख 1 हजार. म्हणजे या घराला साधारण 85 लाखांचा विमा लागतो, किंवा तेवढी दुसरी सोय.

आता मागे वळून पाहा. दहापटीच्या नियमाने उत्तर आलं असतं 45 लाख 60 हजार, जेमतेम निम्मं. आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे विमा आहे 5 लाखांचा. देणी आहेत 5 लाख 1 हजार. म्हणजे इतकी वर्षं हप्ते भरून त्याने जो विमा उभा केला, तो त्याच्या कर्जापुरताही नाही. जनाज्याच्या वेळी दिलेला शब्द पाळला जाईल, पण दुसऱ्या दिवसापासून घर कशावर चालेल याचं उत्तर त्यात नाही.

पैसे ठेवणार कुठे?

वरच्या गणितात आम्ही एक गोष्ट गृहीत धरली. विम्याची रक्कम अशा ठिकाणी राहील जिथे ती निदान महागाईइतकी वाढेल. म्हणूनच साधा गुणाकार चालला.

पण आपल्याकडे अनेक घरं व्याज नको म्हणून रक्कम चालू खात्यात किंवा कपाटात ठेवतात. त्या घरांचं गणित वेगळं होतं. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज 20 हजारांत भागणाऱ्या घराला तेव्हा 40 हजार लागतील. पहिल्या 18 वर्षांसाठी आम्ही 43 लाख 20 हजार काढले होते. पैसा पडून राहिला तर त्याच 18 वर्षांना 74 लाखांहून अधिक लागतील.

तेव्हा दोनपैकी एक ठरवा. एक तर ही रक्कम व्याजाशिवाय वाढवण्याचा मार्ग आजच घरात बोलून ठेवा. भाड्याने जाणारा गाळा, शरीयतच्या निकषांवर चालणारे इक्विटी फंड, विश्वासातल्या माणसाच्या धंद्यात लेखी कराराने भागीदारी, असे पर्याय आहेत. प्रत्येकात जोखीम आहे, सगळा पैसा एकाच ठिकाणी टाकू नये. नाही तर मग मूळ रक्कमच मोठी धरा.

आजोबांचं घर हिशोबात धरू नका

आता त्या बाबीकडे येऊ, जी कोणत्याही कंपनीच्या गणितात नसते. आपल्या मिरजेच्या घरात भाड्याचा खर्च शून्य आहे, कारण घर अब्बांचं आहे. पण कमावता मुलगा अब्बांच्या आधी गेला तर?

हनफी असो वा शाफई, वारशाचा नियम असा आहे की वडिलांच्या हयातीत मुलगा वारला आणि वडिलांचा दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या वारशात हिस्सा मिळत नाही. जवळचा वारस दूरच्या वारसाला बाजूला ठेवतो. भारतातली न्यायालयंही मुस्लिम वैयक्तिक कायद्यात हाच नियम लावतात. सुनेला सासऱ्याच्या मालमत्तेत वारसाहक्क नसतोच. म्हणजे अब्बा आहेत तोवर नातवंडं त्या घरात राहतील. त्यांच्यानंतर घर काकांचं, आत्यांचं आणि आजीचं होईल. काका चांगला असेल तर कुणाला बाहेर काढणार नाही. पण चांगुलपणा हा हक्क नसतो, आणि काकांनंतर त्यांच्या मुलांचं काय?

भाडं महिन्याला 6 हजार धरलं आणि 20 वर्षं भरावं लागलं, तर हिशोबात 14 लाख 40 हजार वाढतात.

यावर विम्यापेक्षा स्वस्त इलाज आहे. आजोबा आपल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतची वसीयत वारस नसलेल्या नातवंडांच्या नावे करू शकतात. हयातीत हिबाही करू शकतात, मात्र त्यात मालमत्तेचा ताबा खरोखर सोपवावा लागतो. हा विषय काढणं अवघड आहे, आम्हाला कल्पना आहे. मुलगा धडधाकट समोर बसलेला असताना त्याच्या मौतीची गोष्ट अब्बांपुढे कोण काढणार? पण मुलानेच काढली तर अब्बा ऐकतात. एका कागदाने जे होतं, त्यासाठी 14 लाखांचा विमा कशाला?

पैसे नेमके कुणाच्या हातात जातील?

रक्कम कितीही बरोबर काढली, तरी ती चुकीच्या हातात गेली तर हिशोब कोलमडतो.

विम्याची रक्कम तरका धरून वाटली गेली तर या घरात काय होईल ते पाहू. मुलं असल्यामुळे पत्नीला आठवा हिस्सा, अब्बांना सहावा, अम्मीला सहावा, उरलेल्यातून मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. 85 लाखांतून पत्नीच्या वाट्याला येतात 10 लाख 62 हजार. अब्बा-अम्मीला प्रत्येकी 14 लाख 16 हजारांच्या आसपास. मुलांचे दोघांचे मिळून 46 लाख. आता एक बाब अनेकांना ठाऊक नसते: मुस्लिम कायद्यात आई मुलांना सांभाळते, पण त्यांच्या मालमत्तेची पालक आपोआप होत नाही. तो अधिकार वडिलांचा, त्यांच्यानंतर त्यांनी नेमलेल्या वसीचा, मग आजोबांचा. वडिलांनी वसीयतीत पत्नीला वसी नेमलं असेल तर ती मुलांचे पैसे सांभाळू शकते. नेमलं नसेल, तर तिला न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

नॉमिनीचा प्रश्नही असाच. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नॉमिनी हा पैसे घेणारा असतो, मालक नव्हे. 2015 मध्ये विमा कायदा बदलला आणि आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क देणारी तरतूद आली. तरीही वारस कोर्टात जातात, वाद होतात. म्हणून नुसत्या नॉमिनीच्या रकान्यावर विसंबू नये.

1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचं कलम 6 इथे कामाला येतं. हा कायदा आपल्याला लागू नाही असा समज आहे, पण 1923 च्या दुरुस्तीने हे कलम मुस्लिमांनाही लागू झालं. पॉलिसी काढताना पतीने ती या कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे केली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी ट्रस्ट बनते. पतीच्या तरक्यात ती येत नाही, देणेकरीही सहसा तिला हात लावू शकत नाहीत. ट्रस्टी म्हणून पत्नीचं नाव देता येतं. त्यासाठी पॉलिसीच्या अर्जासोबतच वेगळा फॉर्म भरायचा असतो, आणि नंतर मनात आलं म्हणून लाभार्थी बदलता येत नाहीत.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. या पॉलिसीतून अब्बा-अम्मीला काही मिळत नाही, आणि त्यातून कर्जही फिटत नाही. मुलगा गेल्यावर म्हाताऱ्या आई-वडिलांना सुनेच्या मर्जीवर सोडणं हाही न्याय नाही. म्हणून पॉलिसी दोन करता येतात. एक मोठी, समजा 65 लाखांची, या कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी. दुसरी 20 लाखांची, आई-वडील आणि कर्जं डोळ्यांसमोर ठेवून. असं वाटप करण्यापूर्वी आपल्या आलिमांना आणि वकिलाला दोघांनाही विचारा.

आखातात असाल तर

रत्नागिरी-रायगडच्या बऱ्याच घरांची कमाई आखातातून येते. या घरांनी पगार न धरता दरमहा घरी येणारी रक्कम धरून हिशोब करावा. तिथलं राहणं-खाणं त्या माणसासोबतच संपतं. घराला कमी पडेल ती इथे येणारी रक्कम.

दोन गैरसमज इथे नेहमी आढळतात. पहिला, प्रवासी भारतीय विमा योजनेचे 10 लाख आहेत ना? ते आहेत, पण अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. झोपेत हृदय बंद पडलं तर ते मिळणार नाहीत. दुसरा, कंपनीने विमा काढला आहे. कंपनीचा विमा नोकरी असेपर्यंत असतो. व्हिसा रद्द करून माणूस घरी आला की तो संपतो, आणि तोवर वय वाढलेलं असतं, साखर सुरू झालेली असते.

इथल्या नोकरदारांनीही हे तपासावं. पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतच्या विम्यातून कमाल 7 लाख मिळतात, पण नोकरीत असताना मृत्यू झाला तरच. प्रधानमंत्री जीवन ज्योतीचा हप्ता वर्षाला 436 रुपये आणि विमा 2 लाख. सुरक्षा योजनेचा हप्ता 20 रुपये, पण ती फक्त अपघातासाठी. या योजना जरूर ठेवा, तेवढ्यावर थांबू नका.

रक्कम ठरली, आता पुढे

पारंपरिक पॉलिसीत वर्षाला 30 हजार हप्ता भरला तरी विमा बहुधा काही लाखांचाच असतो, कारण हप्त्याचा मोठा भाग मुदतीअंती परत देण्यासाठी जातो. मोठी रक्कम परवडते ती टर्म विम्यात. मुदतीत मृत्यू झाला तर पैसे मिळतात, माणूस हयात राहिला तर काही मिळत नाही. मुदत साधारण कमवायचं वय संपेपर्यंतची घ्यावी. 36 व्या वर्षी घेणाऱ्याला 60 पर्यंतची, म्हणजे 24 वर्षांची.

दुकानदारांची अडचण वेगळी आहे. कंपनी कागदावरची कमाई पाहून विम्याची मर्यादा ठरवते. आयकर विवरण भरलेलं नसेल तर 85 लाख मागितले तरी मिळत नाहीत. कर लागत नसला तरी दरवर्षी विवरण भरत राहा.

अर्जात काही लपवू नका. तंबाखू, गुटखा, साखर, रक्तदाब, परदेशातली नोकरी, जे असेल ते लिहा. एजंट म्हणेल, हे नको टाकू, हप्ता वाढेल. हप्ता वाढू दे. पॉलिसी सुरू होऊन 3 वर्षं झाल्यावर कंपनीला तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही, पण त्याआधी मृत्यू झाला आणि लपवलेलं आजारपण निघालं तर दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत ती शांतपणे वाचा, नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का पाहा. आपल्याकडे दाव्यांची अर्धी धावपळ नावातल्या एका अक्षरामुळे होते. दावा अडकला आणि कंपनी दाद देत नसेल, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फीही लागत नाही.

पत्नीचाही हिशोब मांडा. ती शिवणकामातून चार हजार मिळवते एवढंच तिचं मोल नाही. ती नसेल तर मुलांना सांभाळायला, सासू-सासऱ्यांचं करायला, स्वयंपाकाला माणूस ठेवावा लागेल. ते महिन्याला किती होईल, ते लिहून पाहा.

हा हिशोब एकदा करून संपत नाही. मूल झालं, कर्ज काढलं किंवा फिटलं, आई-वडिलांपैकी कुणी गेलं, की तो पुन्हा मांडायचा. झकातीसाठी दरवर्षी आपण मालमत्तेची यादी करतोच. त्याच दिवशी, त्याच वहीत पुढचं पान काढा आणि देणी, मेहर, पॉलिसी, खाती लिहा. ती वही कुठे ठेवली आहे हे पत्नीला माहीत असू द्या. अल्लाह सगळ्यांना दीर्घायुष्य देवो. पण सफांसमोर उभं राहून शब्द देणाऱ्या आपल्या मुलाच्या किंवा भावाच्या हातात निदान ती वही असावी.